कोशांत कोणास घ्यावें?

आमच्या एका विद्यार्थ्यास मराठी विकिपीडियांत नाशिकच्या एका दिवंगत कथालेखकावर नोंद लिहावयाची होती. त्यांच्या नांवावर तीन संग्रह आहेत. तथापि कोशाचे काम पाहणारे त्यास विचारूं लागले कीं, लेखकाशीं ज्याचा कसलाही संबंध नाहीं अशा कोणीं या कथांविषयीं सविस्तर लिहून ठेविलें आहे काय? १८४० सालीं स्थापन झालेल्या येथील सार्वजनिक वाचनालयांत आम्ही दोघे दोन दिवस जुनीं मासिकें चाळीत बसलों. सांपडली एका मित्राची प्रस्तावना आणि मृत्यूची चार ओळींची बातमी. नोंद राहिली.

विद्यार्थ्यास हा अन्याय वाटला. आम्हांस तसें वाटत नाहीं. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशास संपादक होता. कोणास घेतलें, कोणास गाळलें, याचा जाब त्यास विचारतां येत होता. २००३ पासून चालू असलेल्या या मराठी विकिपीडियांत वाटेल तो लिहूं शकतो. तेथें गुणदोषांचा निवाडा करणारा असा एक माणूस नाहीं. मग इतरांनीं छापून ठेविलेल्या मतांचा आधार घेण्यावांचून गति काय? तो सोडला तर प्रत्येक पुतण्या आपल्या काकास महाकवि ठरवील.

परंतु या कसोटीनें मोजला जातो तो लेखकाचा आवाज नव्हे, त्याचा प्रतिध्वनि. आणि प्रतिध्वनि उठण्यास समोर डोंगर लागतो. हॉपकिन्स हा इंग्रज कवि १८८९ सालीं वारला. त्याच्या कविता ब्रिजेसनें १९१८ सालीं छापल्या. आणि इंग्रजांच्या राष्ट्रीय चरित्रकोशांत त्यास जागा मिळाली ती १९९३ सालीं गाळलेल्या माणसांसाठीं म्हणून काढलेल्या पुरवणी खंडांत! आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं, आणि १९३६ सालीं त्या वारल्या. १९३० सालच्या एखाद्या कोशकारानें त्यांस रेव्हरंड टिळकांच्या नोंदींतील एका ओळींत बसविलें असतें, तर त्यास दोष देतां आला नसता. पण त्यांचें निदान पुस्तक होतें, आणि मासिकें घेणाऱ्या घरांत तें वाचलें गेलें. सिन्नर तालुक्यांतील देशवंडीस १९२२ सालीं जन्मलेले वामनदादा कर्डक यांचें काव्य वस्त्यावस्त्यांतून, एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत गेलें. २००४ सालीं ते वारले तेव्हां त्यांचीं गाणीं पाठ असलेलीं माणसें खेडोपाडीं होतीं. आज त्यांच्यावर ग्रंथ आहेत, कोशांत नोंद आहे. पण तीं गाणीं ऐन भरांत होतीं तेव्हां आमच्यासारख्या प्राध्यापकांनीं त्यांवर किती पानें लिहिलीं, हें ज्यानें त्यानें आपल्या संग्रहांत पाहावें. गळा हा पुरावा म्हणून कोशास चालत नाहीं. आणि पुरावा लिहून ठेवण्याचें काम ज्यांचें, ते दुसरीकडे पाहत होते.

वाचनालयांत मासिकें चाळतांना आमचे स्वतःचे लेखही आम्हांस भेटले. आठ-आठ पानांचे, विषय इंग्रजी कादंबरीकार, ज्यांस आमच्या साक्षीची कांहीं गरज नव्हती. आणि ज्या कथालेखकासाठीं आम्ही पुरावा शोधीत होतों, त्यांनीं आपला तिसरा संग्रह स्वतः आमच्या घरीं आणून दिला होता. सवडीनें अभिप्राय कळवावा, एवढेंच ते म्हणाले होते. सवड झाली नाहीं.

विद्यार्थ्याची सूचना सरळ होती: “सर, आतां लिहा, म्हणजे नोंद उभी राहील.” येथें मात्र आम्ही अडलों. नोंद व्हावी म्हणून दिलेली साक्ष ही पढविलेल्या साक्षीदाराची साक्ष. आणि पश्चात्तापानें केलेली स्तुति तर मित्राच्या प्रस्तावनेहूनही हलकी. शेवटीं ठरलें तें इतकेंच कीं, पुस्तक आधीं वाचावें. अकरांपैकीं सात कथा वाचून झाल्या आहेत. चार सामान्य आहेत, दोन बऱ्या. एक मात्र, गोदावरीच्या पुरांत रात्रभर दुकानाच्या माळ्यावर अडकलेल्या दोन अबोल भावांची, इतकी चांगली आहे कीं, ती इतकीं वर्षें कपाटांत पडूं दिल्याची आम्हांस लाज वाटते. हें सारें, सामान्य कथांसह, आम्ही लिहिणार आहों. कोशवाल्यांस तें पुरेसें वाटतें कीं नाहीं, तें ते ठरवोत. पहिला संग्रह अद्याप कोणापाशींच मिळालेला नाहीं. विद्यार्थी सध्यां जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून तो शोधीत फिरतो आहे.