प्रत्येकाच्या वाट्याला एक संधी

माध्यमिक शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पण वर्गाबाहेरच्या जगाशी मुलांची गाठ पडू लागते ती साधारण गणपतीच्या पुढेमागे. तालुका पातळीवरच्या क्रीडा स्पर्धा, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा, विज्ञान प्रदर्शन, आठवीच्या मुलांची एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी, मग सहल आणि शेवटी स्नेहसंमेलन. संमेलनाच्या दिवशी मुख्याध्यापक वार्षिक अहवाल वाचतात. कोण जिल्ह्यात दुसरं आलं, कोणाला चित्रकलेत ‘ए’ श्रेणी मिळाली, कोणता संघ विभागापर्यंत पोहोचला. पालक टाळ्या वाजवतात आणि त्या टाळ्या अगदी योग्य असतात. एकेका ओळीमागे मुलांची आणि शिक्षकांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत असते.

ग्रामीण भागातल्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता माझं एक मत मात्र पक्कं होत गेलं. शाळेचं वर्ष कसं गेलं, हे बक्षिसांच्या यादीवरून अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं कळण्यासाठी एक प्रश्न विचारावा लागतो: वर्गाबाहेर काही पाहण्याची, करण्याची, चारचौघांत उभं राहण्याची संधी किती मुलांच्या वाट्याला आली?

सहलीपासूनच सुरुवात करतो. आमच्या भागातल्या शाळांची एक आवडती सहल जुन्नर तालुक्यातली. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट आणि खोडद. एसटीची लाल गाडी सवलतीच्या भाड्यात मिळते, पहाटे निघालं की रात्रीपर्यंत परत येता येतं. बहुतेक मुलांना शिवनेरी आधीपासून ठाऊक असतो, कारण शिवजन्माची गोष्ट चौथीच्या पुस्तकापासून त्यांच्या सोबत असते. ती खरी थबकतात ती नाणेघाटात. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी ही सातवाहनकाळातली वाट. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असत असं परंपरेने सांगतात. शेजारच्या गुहेच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत किती गायी, किती घोडे, किती कार्षापणं दिली याचे त्यात आकडे आहेत. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे तिथे होते. आता पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं एवढंच शिल्लक आहे.

गणितात जेमतेम पास होणारी मुलं त्या भिंतीसमोर अंक शोधत उभी राहतात, तेव्हा त्यांच्या तोंडून निघणारे प्रश्न वर्गात कधी ऐकू आलेले नसतात. तेव्हा शून्य होतं का? हजार कसं लिहायचे? मग बेरीज कशी करायचे? यातल्या प्रत्येक प्रश्नावर एकेक तास शिकवता येईल. सहलीचा पहिला लाभ हाच. पुस्तकात ज्याचं उत्तर तयार असतं, ते तिथे प्रश्नाच्या रूपात समोर येतं.

खोडदचं तर मी कितीही वर्णन केलं तरी कमीच पडेल. नारायणगावजवळ द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ही जीएमआरटी, म्हणजे मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी टिपणारी जगातली एक मोठी दुर्बीण. अशा तबकड्या एकूण ३०. त्यांतल्या १४ मध्यभागी, एक किलोमीटरच्या चौकात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि नेतृत्वाखाली ती १९९० च्या दशकात उभी राहिली. आजही पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे शास्त्रज्ञ ती चालवतात. आवारात शिरताना मोबाइल बंद करावे लागतात. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या अत्यंत क्षीण लहरी ऐकायच्या तर माणसांनी आपला गलबला थांबवायला हवा, ही गोष्ट मुलांना तिथे कोणी समजावून सांगावी लागत नाही.

एकदा आमच्या नववीतल्या एका मुलाने तबकडीकडे बराच वेळ बघून विचारलं, “सर, ही तर नुसती जाळी आहे. हिच्यातून पाऊस खाली पडत असंल, मग लहरी का पडत नाहीत?” वर्गात तो मुलगा कधी हात वर करत नसे. तिथल्या अभियंत्यांनी त्याला जवळ बोलावून उत्तर दिलं. जाळीची भोकं एक ते दोन सेंटीमीटरची आहेत. दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांची लांबी मात्र साधारण २१ सेंटीमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंत. एवढ्या लांब लहरींना ती भोकं जणू दिसतच नाहीत. त्यांच्या लेखी ती जाळी म्हणजे अखंड आरसा. वारा मात्र आरपार निघून जातो, त्यामुळे तबकडी हलकी ठेवता आली, वादळातही ती टिकते आणि खर्चही आवाक्यात राहिला. मुलगा म्हणाला, “म्हणजे भोक मोठं का छोटं, ते कोण बघतंय त्याच्यावर आहे.” अभियंते हसले आणि म्हणाले, “अगदी बरोबर.”

त्या मुलाला त्या वर्षी कसलंही बक्षीस मिळालं नाही. अहवालात त्याचं नाव नव्हतं. पण पुढच्या वर्षी विज्ञान दिनाला खोडदला जायचं म्हणून वर्गात सगळ्यांत आधी तोच मागे लागला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लागला. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. त्या सुमारास खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं, दुर्बीण सर्वांसाठी खुली असते आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांची मुलं आपापले प्रकल्प मांडतात. आमच्या मुलांनी ठिबक सिंचनाच्या नळ्यांत क्षार कसे साठतात आणि पाण्याचा प्रवाह त्याने किती घटतो, याची मोजमापं मांडली होती. घरच्या शेतातल्या तुंबलेल्या नळ्या कापून आणल्या होत्या. शेतकरी थांबून विचारत होते, मुलं उत्तरं देत होती. जी माहिती नव्हती तिथे ‘हे आम्ही मोजलेलं नाही’ असं स्वच्छ सांगत होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला अनोळखी मोठ्या माणसासमोर एवढं सांगता आलं, तर माझ्या लेखी त्याचं विज्ञान शिक्षण मार्गी लागलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रदर्शनासाठी तयार प्रकल्प बाजारात विकत मिळतात आणि काही घरांत ते पालकच रात्री जागून बनवतात. ज्वालामुखीचा फेस सुंदर येतो, पण मुलाला विचारलं तर दोन पाठ केलेली वाक्यं. परीक्षकांनी आणि शिक्षकांनी देखण्या थर्माकोलपेक्षा वहीत टिपलेल्या नोंदींना जास्त गुण द्यायचं ठरवलं, तर ही सवय दोन वर्षांत मोडेल. मुलाच्या हाताने झालेलं ओबडधोबड काम हेच त्याचं स्वतःचं असतं.

आता सहलीची दुसरी बाजू. सूचना फलकावर सहलीची नोटीस लागते, संमतीपत्रं वाटली जातात आणि आठवडाभरात वर्गाचे दोन भाग पडतात. जाणारे आणि न जाणारे. न जाणाऱ्यांपैकी काहींना गाडी लागते, काहींच्या घरी लग्न असतं. पण बऱ्याच मुलांच्या न जाण्याचं कारण पैसे असतात आणि ती कधीही तसं सांगत नाहीत. “मला नाही आवडत फिरायला,” असं म्हणतात. एका ऊसतोड कुटुंबातल्या वडिलांनी मला फाटकापाशी गाठून सांगितलं होतं, “सर, दोघं शिकत्यात. एकाला धाडलं तर दुसरीला काय सांगू? पुढल्या साली बघू.” हे ‘पुढल्या साली’ दहावीपर्यंत चालतं आणि मग शाळाच संपते.

यावर उपाय नाहीत असं नाही. आमच्याकडे काही वर्षांपासून सहलीची वर्गणी जूनपासून दरमहा थोडी थोडी घेतली जाते. माजी विद्यार्थ्यांनी एक छोटा निधी उभा केला आहे. त्यातून कोणाला मदत झाली हे वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्याखेरीज कोणालाच कळत नाही, आणि कळूही नये. लांबच्या मुक्कामी सहलीऐवजी जवळची एकदिवसाची सहल निवडली की जाणाऱ्यांची संख्या लगेच वाढते. पाहण्यासारखं जवळपास काय आहे, हा प्रश्न महाराष्ट्रात पडायलाच नको. एखादी लेणी, गढी, धरण, बाजार समिती, बीजोत्पादन केंद्र, देवराई प्रत्येक तालुक्यात सापडते. प्रवासाच्या सुरक्षिततेचे नियम आता कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. त्या नियमांचा बाऊ करून सहलच रद्द करणं हा मात्र सोपा आणि चुकीचा मार्ग आहे.

खेळाचंही असंच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. आमच्या शाळेच्या मैदानावर त्या आठवड्यात जेवढी गर्दी होती तेवढी मी कधी पाहिली नव्हती. पाटीवर बसलेल्या मुली, एक धावणारी, दोन खांब आणि चुन्याच्या रेषा. एवढ्या साधनांवर जगज्जेतेपद मिळू शकतं, हे मुलींनी टीव्हीवर पाहिलं होतं.

पण सराव शाळा सुटल्यावर आणि वाडीवस्तीची शेवटची एसटी साडेपाचला. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. या योजनेने हजारो मुलींचं शिक्षण टिकवलं आहे. तरी गाडी निघून गेल्यावर पास हातात असून काय उपयोग? त्यामुळे संघात निवड व्हायची ती गावातच राहणाऱ्या मुलींची. आमच्या क्रीडाशिक्षिकांनी सराव सकाळच्या गाडीच्या वेळेला जोडून घेतला. परिपाठाआधी पाऊण तास. त्या वर्षी तालुक्याला गेलेल्या संघात निम्म्या मुली वाड्यांवरच्या होत्या. संघ दुसऱ्या फेरीत हरला. तरी बाईंनी वेळापत्रकात केलेला हा बदल मला त्या वर्षातली शाळेची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

बक्षिसांना आणि परीक्षांना मी कमी लेखत नाही. एनएमएमएस उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अल्प उत्पन्नाच्या घरात ही रक्कम म्हणजे मुलीचं शिक्षण सुरू राहील की लग्न ठरेल, याचा निकाल असू शकते. इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीला मिळणारे वाढीव गुणही एखाद्याचा प्रवेश ठरवतात. स्पर्धेमुळे मुलं मन लावून काम करायला शिकतात, हरायला शिकतात. अडचण एवढीच की बहुतेक शाळांत तीच पंधरा-वीस मुलं सगळीकडे असतात. वक्तृत्वातही तीच, प्रश्नमंजूषेतही तीच, सूत्रसंचालनातही तीच. हुशार मुलांना पुढे करणं शिक्षकाला सोयीचं पडतं, कारण निकालाची खात्री असते. मागच्या बाकावरच्या मुलाकडून भाषण बसवून घ्यायला तिप्पट वेळ लागतो. पण शाळा नावाची व्यवस्था समाजाने त्या तिप्पट वेळासाठीच उभी केली आहे. ज्याला सहज येतं तो शाळेविनाही बरंच काही शिकेल.

म्हणून वार्षिक अहवालात आणखी एक परिच्छेद असावा, असं मला मनापासून वाटतं. यंदा किती मुलं पहिल्यांदाच तालुक्याबाहेर गेली? किती जणांनी पहिल्यांदा हातात ध्वनिक्षेपक धरला? किती मुलामुलींनी एखाद्या संघाचा, प्रकल्पाचा, नाटकाचा भाग होऊन काम केलं? आणि ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही अशी किती मुलं उरली? ही शेवटची संख्या दरवर्षी घटत गेली, तर ती शाळा चांगली.

मुख्याध्यापकांना, सहकारी शिक्षकांना, पालकांना आणि शाळेवर प्रेम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. यंदा सहलीची नोटीस लागेल तेव्हा पैसे भरलेल्या मुलांच्या यादीआधी न भरलेल्यांची यादी करा. एकेकाला बाजूला घेऊन कारण विचारा आणि जमेल त्याची जागा गाडीत करून द्या.