नारिंगी पट्टी

मालेगावात रंगाचा धंदा जुना. यंत्रमागावर साड्या आणि लुंग्या विणणाऱ्या गावाला रंग पारखायला कुणी शिकवावं लागत नाही. पण तेच गाव फोटोच्या दुकानात शिरलं, की सगळी पारख एका मागणीपाशी थांबते : ‘जरा गोरा करून द्या.’

रंग खुलवणं म्हणजे कॅमेऱ्याने जे खाल्लं ते परत मागणं. त्याहून जास्त मागितलं, की ती उधारी होते.

सुरुवात पांढऱ्यापासून. ट्यूबलाइटखाली चेहरा हिरवट येतो, जुन्या बल्बखाली पिवळा. आधी व्हाइट बॅलन्स, मग बाकीचं. ताणाच वाकडा बसला, तर वर कितीही देखणा बाणा घाला, कापड सरळ येत नाही.

व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर पांढऱ्या सदऱ्यावर टेकवा, असं सगळे सांगतात. आपला पांढरा सदरा निळीत बुडवलेला असतो, हे कोणी सांगत नाही. ड्रॉपर त्या निळसरपणालाच पांढरं मानतो आणि चेहरा पिवळा करून ठेवतो. त्यापेक्षा सिमेंटचा करडा कठडा प्रामाणिक.

पोपटी भिंतीला टेकलेल्या माणसाचा गाल पोपटी होतो. दोष भिंतीचा, बोलणी कॅमेऱ्याला.

सॅच्युरेशन सगळ्या रंगांना एकदम ओरडायला लावतं. व्हायब्रन्स आधी गप्प बसलेल्यांना बोलू देतं आणि कातडीच्या छटेला सांभाळून घेतं. चेहरा असेल तिथे व्हायब्रन्स वापरावं, तेही बेताने. भडकपणाने भल्याभल्यांना चकवलं आहे. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने 1933 साली ‘सैरंध्री’ रंगीत करायला घेतली, त्यासाठी जर्मनी गाठली, आणि पडद्यावर आले ते भडक रंग. ‘सैरंध्री’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या हातून जे निसटलं, ते मोबाइलवर अंगठा फिरवून कसं जमेल?

याच गावात बनलेल्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ या सिनेमासाठी दिग्दर्शक नासिर शेख यांनी आपला नायक हिरव्या पडद्यापुढे उडवला. पडदा हिरवा, कारण कातडीच्या रंगापासून हिरवा लांब पडतो. पडदा पुसताना माणूस शाबूत राहतो.

मग कातडी कुठे असते? काळी, सावळी, गव्हाळ, गोरी, कुठलीही घ्या. संगणकाला ती लाल आणि पिवळ्याच्या मधे, नारिंगीत सापडते. फरक मुख्यतः उजेडाचा, रंगाचा अगदी थोडा. चेहरा मोसम नदीच्या या काठचा असो की त्या काठचा, पट्टी एकच.

ही पट्टी लाइटरूम या फोटो सुधारणाऱ्या ॲपमध्ये मोबाइलवरही मिळते. नारिंगीचा उजेड वर ढकला, माणूस क्षणात गोरा. पण त्याच पट्टीत केशरी फेटाही असतो, हातावरची मेंदी असते, मागचं लाकडी दार असतं. तेही सगळं सोबत फिकं पडतं. लबाडी चेहऱ्यावर लपते, फेट्यात सापडते.

सगळा दोष दुकानदाराचा नाही. कोडॅकचं रंगाचं नमुना-कार्ड कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा धरून चाललं. ‘शर्ली’ म्हणत तिला. फिल्ममध्ये गडद तपकिरी छटा सुधारल्या, त्यामागे फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारी होत्या. लाकूड नीट दिसेना म्हणून फिल्म बदलली. माणूस नीट दिसत नव्हता, तेव्हा आपण माणसालाच पावडर लावत होतो.

सावळ्या चेहऱ्याला गोरेपणाची गरज नसते, कडेच्या उजेडाची असते. खिडकीशी बसवा, सावल्या जराशा उचला, कपाळावरची चमक तशीच राहू द्या. ती चमक काढून टाकणारं ‘स्मूथ’चं बटण मला या धंद्यातलं सर्वांत आळशी बटण वाटतं.

वय गालाच्या रेषांत असतं, तब्येत गालाच्या लालीत. रेषा पुसणारा निदान वयच चोरतो. लाली पुसणारा धडधाकट माणसाला आजारी करतो.

लग्नाचा अल्बम करायला टाकाल, तेव्हा दुकानदाराशेजारी पाच मिनिटं बसा. शालूचा रंग हवा तेवढा खुलवायला सांगा. नारिंगी पट्टीकडे त्याचा हात गेला, तर तिथेच थांबवा.