पाऊण मिलिमीटरही नाही

बुबुळरोपणाचा इतिहास शल्यविशारदाच्या बाजूने पाहिला, तर तो कमी कमी कापत जाण्याचा इतिहास आहे. आमच्या पिढीला हे शिकायला अर्धं आयुष्य लागलं.

7 डिसेंबर 1905 रोजी मोरावियातल्या ओलोमोउत्स इथे एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुरावर रोपण केलं. बुबुळं मिळाली ती इजेमुळे काढाव्या लागलेल्या एका मुलाच्या डोळ्यातून. दोनांपैकी एक टिकलं आणि मजूर पुन्हा कामाला लागला. त्यानंतर जवळजवळ शतकभर सूक्ष्मदर्शक आला, केसाहून बारीक नायलॉनचा धागा आला, पण मूळ रीत तीच राहिली: बुबुळाची गोल चकती आरपार कापायची आणि दात्याची चकती तिथे शिवायची. मी शिकलो तीही हीच. सोळा टाके. जुनी चकती निघाल्यापासून नवी बसेपर्यंत डोळा उघडा असतो. त्या काही मिनिटांत आतून रक्तस्राव झाला तर सगळं हातचं जातं, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांसकट कोणी बोलत नसे. पुढे वर्ष-दीड वर्ष टाके सांभाळायचे. बुबुळ स्वच्छ राहूनही टाक्यांच्या ताणाने ते वाकडं होई आणि रुग्ण विचारी, “डॉक्टर, दिसतंय, पण नीट का दिसत नाही?”

खरं तर अनेकांचं अख्खं बुबुळ बिघडलेलं नसतंच. मध्यभागी ते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो सतत पाणी बाहेर टाकून बुबुळ पारदर्शक ठेवतो. या पेशी मेल्या की त्यांची जागा भरून निघत नाही. मोतीबिंदूच्या अवघड शस्त्रक्रियेनंतर बुबुळ सुजतं, ते यामुळे. नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी 1998 च्या सुमारास दाखवून दिलं, की फक्त मागचा भाग बदलता येतो आणि तो हवेच्या बुडबुड्याने चिकटवता येतो. 2006 पर्यंत ते पेशी आणि त्यांखालचा पडदा एवढ्यावरच आले. जाडी सुमारे 15 मायक्रॉन. हा पडदा द्रवात सोडला की सुरळीसारखा गुंडाळतो. तो निळा रंगवून डोळ्यात सोडायचा, बाहेरून टिचक्या मारत उलगडायचा, मग हवा भरून रुग्णाला उताणं झोपवायचं. पहिल्यांदा करताना घाम फुटतो. पण रुग्णाला काही आठवड्यांत चांगलं दिसू लागतं आणि शरीराने पडदा नाकारण्याचा धोकाही बराच कमी. उलट बुबुळ शंकूसारखं पुढे आलेल्या तरुणांत आतला थर निरोगी असतो; तो तसाच ठेवून पुढचाच भाग बदलतात.

परिषदांमध्ये आता या पातळ थरांचीच चर्चा असते. ती योग्यच आहे, पण ती ऐकून आरपार रोपण संपलं असं समजणारे तरुण डॉक्टर भेटले की मी त्यांना ऊसतोडीच्या हंगामात ओपीडीत बसायला सांगतो. पाचट लागून डोळ्याला ओरखडा येतो, कोणीतरी दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून देतो, बुरशी आतपर्यंत उतरते आणि शेवटी फूल पडतं किंवा बुबुळाला भोकच पडतं. तिथे पातळ थराचा उपयोग नाही. डोळा वाचवायला पूर्ण जाडीचं बुबुळच लागतं.

शिवाय सगळं येऊन थांबतं दात्यापाशी. आतल्या पेशी मृत्यूनंतर झपाट्याने घटतात. उशिरा मिळालेल्या बुबुळाचा पातळ थर कामाचा राहत नाही. वेळेत मिळालेलं एक बुबुळ मात्र पुढचा आणि मागचा थर वेगळे करून दोघांना उपयोगी पडू शकतं. जपानमध्ये किनोशिता यांच्या चमूने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी डोळ्यात टोचून बुबुळ स्वच्छ केलं, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या पेशीही दान केलेल्या डोळ्यांतूनच वाढवाव्या लागतात.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. घरात कोणी गेलं, तर पंखा बंद करा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवा आणि सहा तासांच्या आत जवळच्या नेत्रपेढीचं पथक पोहोचेल अशा बेताने फोन करा. चष्मा, मधुमेह किंवा झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. गेलेल्याने संकल्पपत्र भरलेलं नसलं, तरी घरच्यांची संमती पुरते.