सुटीचा दिवस आणि तल्लीनता

श्रमाने मनुष्य थकतो हे सर्वांस ठाऊक आहे. रिकामपणानेही तो थकतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात रविवारच्या सायंकाळी येते. आठवडाभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस कसा सरला ते कळत नाही. कामे तशीच राहतात, विश्रांतीही लाभत नाही, आणि मन विनाकारण उदास होते.

वास्तविक हा दिवस सहजासहजी मिळालेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना एकेकाळी नियमित साप्ताहिक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिच्यासाठी चळवळ केली, तेव्हा कोठे १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. इतक्या प्रयासाने लाभलेला दिवस कसा घालवावा, हा प्रश्न क्षुल्लक म्हणता येणार नाही.

मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४–२०२१) या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, शल्यचिकित्सक अशा अनेकांच्या अनुभवांचा अभ्यास केला. कामात चित्त पूर्ण रमले असता काळाचे भान सुटते, ‘मी’पणाची जाणीव मावळते आणि कर्म जणू आपोआप घडू लागते, असे त्यांस आढळले. या अवस्थेला त्यांनी ‘ओघ’ या अर्थाचे नाव दिले. १९८९ साली एका सहकारी संशोधिकेसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी एक विलक्षण गोष्ट नमूद केली: नोकरदार माणसांना हा अनुभव फावल्या वेळापेक्षा कामाच्या वेळीच अधिक येतो, तरीही कामाच्या वेळी ती माणसे सुटीचीच इच्छा करीत असतात!

याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. तल्लीनतेला तीन गोष्टी लागतात. साध्य स्पष्ट असावे; हातून घडते आहे ते बरोबर की चूक हे तत्काळ कळावे; आणि काम आपल्या शक्तीला पुरून उरणारे नसावे, तसे अगदी सोपेही नसावे. फार कठीण काम चिंता उत्पन्न करते, फार सोपे काम कंटाळा. नोकरीत या गोष्टी पुष्कळदा आयत्या मिळतात. सुटीच्या दिवशी त्या आपणच जुळवाव्या लागतात, आणि तेथेच मनुष्य आळस करतो. हातात भ्रमणध्वनी घेऊन चित्रामागून चित्र पाहत राहिल्याने वेळ जातो, पण चित्त कोठेही स्थिर होत नाही.

समजा, एक गृहस्थ रविवारी सकाळी सायकलचे वाकडे फिरणारे चाक सरळ करावयास बसला आहे. रिम उजवीकडे झुकते, तेथील डाव्या बाजूच्या तारा तो किंचित कसतो, चाक फिरवून पाहतो, पुन्हा थोडे कसतो. चूक झाली तर चाकच ती लगेच दाखविते. घटका-दीड घटका निघून जाते आणि त्यास पत्ताही लागत नाही. कुंडीतील माती बदलणे, रांगोळी काढणे, सुपात धान्य पाखडणे, या सर्व कामांत हेच सुख दडलेले आहे. त्यासाठी पैसा लागत नाही, प्रवासही लागत नाही.

येथे कोणी शंका घेईल की, तल्लीन तर जुगारीही होतो. पत्त्यांच्या डावात त्यासही काळाचे भान राहत नाही. मग त्यालाही योगी म्हणावे काय? ही शंका रास्त आहे. ओघ हा अग्नीसारखा आहे. तो अन्न शिजवितो आणि घरही जाळतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांचा विचार येथे उपयोगी पडतो. आरंभी कष्टाचे वाटून परिणामी गोड ठरणारे ते सात्त्विक. आरंभी गोड आणि परिणामी विषवत् ते राजस. निद्रा, आळस व प्रमाद यांतून उपजणारे ते तामस. तेव्हा मनुष्य कामात किती खोल बुडाला, एवढ्यावरून निर्णय होत नाही. त्यातून तो कसा उठतो, हे पाहावे लागते.

त्या सायकलवाल्या गृहस्थाकडेच पुन्हा पाहू. काम ऐन रंगात आले असता मुलगा गणित विचारावयास येतो, अथवा वृद्ध मातोश्री हाक मारतात. तो तारा कसण्याची किल्ली खाली ठेवून प्रसन्न मुखाने उठला, तर त्याची तल्लीनता निर्मळ समजावी. तो मुलावर खेकसला, तर सायकल हे निमित्त होते आणि आत आसक्ती होती, हे उघड झाले.

दुसरी कसोटी याहून कठीण आहे. रविवारी घरधन्यास सुटी असते, चुलीस नसते. सर्वजण घरी, म्हणून गृहिणीचे काम त्या दिवशी दुप्पट होते. तिने तीनदा चहा करावा, जेवणाला हाक मारून मारून थकावे, आणि पतीने आपल्या छंदात काळ विसरावा! त्याचा विसरलेला काळ कोणीतरी मोजीत असते. दुसऱ्याच्या थकव्यावर उभारलेली एकाग्रता कितीही गोड असली तरी तीस सात्त्विक म्हणता येणार नाही. त्याने अर्धा प्रहर स्वयंपाकघर सांभाळावे. भाजी चिरण्यातही साध्य, कौशल्य आणि तत्काळ प्रत्यय ही तिन्ही आहेतच. तेवढ्या वेळात गृहिणीस तिचे भरतकाम, वाचन वा गायन निर्वेधपणे करता यावे.

म्हणून सुटीच्या सकाळी प्रत्येकाने एक लहानसे, पुरे होईल असे काम निवडावे. भ्रमणध्वनी दूर ठेवावा. फळाची घाई न करता हातातील कृतीवर चित्त ठेवावे. आणि हाक आली की उठावे. ज्यास रमता येते आणि उठताही येते, त्याचा रविवार वाया जात नाही. सोमवारही त्यास जड वाटत नाही.