बर्फाच्या कप्प्यात नाही

चि. मृणाल,

कॅन्सरच्या डे-केअरमध्ये तुझी नेमणूक झाली, आनंद वाटला. फोनवर म्हणालीस, "मावशी, भीती केमोची वाटते, अँटिबॉडी लावणं सोपंच." त्या 'सोपंच'साठी हे पत्र.

ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी म्हणजे प्रथिन, जिवंत पेशींत तयार झालेलं. ते ठरावीक घडीत दुमडलेलं असतं आणि ती घडी हीच त्याची ताकद. व्हायल जोरात हलवलीस तर फेस येतो, प्रथिनाच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि त्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही. म्हणून ४४० मि.ग्रॅ.च्या पावडरीवर सोबतचं २० मि.लि. पाणी हळू सोड, व्हायल तळहातावर अलगद फिरव आणि पाच मिनिटं तशीच राहू दे. वॉर्डात कितीही गडबड असो, ती पाच मिनिटं कुणाला देऊ नकोस. पुढे सलाइनमध्येच मिसळायचं, डेक्स्ट्रोजमध्ये कधीच नाही. नावात ट्रास्टुझुमॅब असलेली आणखीही औषधं आहेत. डेरक्सटिकॅनला नेमकं उलट, डेक्स्ट्रोजच लागतं. एमटान्सिनचा डोस किलोला ३.६ मि.ग्रॅ., तर साध्या ट्रास्टुझुमॅबचा तीन आठवड्यांनी ६. लेबलवरचं पूर्ण नाव मोठ्याने वाच, दुसऱ्या सिस्टरलाही वाचायला लाव.

आता पैशाचं. ६० किलोच्या बाईला साध्या ट्रास्टुझुमॅबचे ३६० मि.ग्रॅ. लागतात, ४४०मधले ८० उरतात. सोबतच्या पाण्यात जंतुरोधक असतं, त्यामुळे उरलेलं २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकतं आणि पुढचा डोस २१व्या दिवशी असतो. म्हणून व्हायलवर रुग्णाचं नाव, तारीख, वेळ तिथल्या तिथे लिही. ते पाणी हरवलं म्हणून साधं निर्जंतुक पाणी घातलंस, तर औषध लगेच वापरायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. एका बाटलीच्या निष्काळजीपणाने कुणाच्या तरी घरचे हजारो रुपये जातात, हे मनात असू दे.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. एका बाईंच्या नवऱ्याला लिम्फोमा होता. रिटुक्झिमॅब या दुसऱ्या अँटिबॉडीची व्हायल त्यांनीच विकत आणायची होती. चिठ्ठी हातात देताना मी म्हणाले, "थंड ठेवा हं." त्यांनी ती घरच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवली. जितकं थंड तितकं चांगलं, असं त्यांना वाटलं. सकाळी येईपर्यंत ती वितळली होती आणि आतलं औषध स्वच्छ पाण्यासारखं दिसत होतं. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या म्हणून कळलं, नाहीतर मी ते लावलं असतं. गोठलेलं औषध द्यायचं नसतं, आम्ही दिलं नाही. त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, "मग आता?" बांगड्या गहाण ठेवून आणलेली व्हायल होती ती. दुसरीची सोय होईपर्यंत आठ दिवस गेले. चूक त्यांची नव्हती. माझं सांगणं अर्धं होतं.

तेव्हापासून मी नातेवाइकांना बसवून सांगते: फ्रिजच्या मधल्या फळीवर, दारात नाही, बर्फाच्या कप्प्यात नाही. आणताना बर्फाची पिशवी आणि व्हायल यांच्यामध्ये जाड टॉवेल. मग त्यांनाच ते परत सांगायला लावते. व्हायल हातात आली की आधी विचार, काल रात्री कुठे होती? आवाज इतका साधा ठेव, की खरं सांगायला कुणी कचरणार नाही.

ठिबक सुरू झाल्यावर खुर्चीपासून फार लांब जाऊ नकोस. पहिल्या डोसला थंडी-ताप भरणारे पुष्कळ असतात. रिटुक्झिमॅब तासाला ५० मि.ग्रॅ.ने सुरू करून अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवतात, ते याचसाठी. रुग्ण "काही नाही, जरा हुडहुडी" म्हणाला तरी ठिबक थांबव आणि डॉक्टरांना बोलाव.

तुमच्या वॉर्डातल्या फ्रिजच्या तापमानाची वही कोण भरतं, आणि रविवारी भरतं का, ते बघून मला कळव.

तुझी,
मावशी