देवाविषयीच्या पुस्तकांशी वाद

नवव्या शतकात कॉन्स्टॅन्टिनोपलच्या दरबारात फोटियस नावाचा एक अधिकारी होता. ८५८ मध्ये तो तिथल्या चर्चचा प्रमुख झाला आणि त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या दीक्षा त्याला आठवड्याभरात उरकून देण्यात आल्या, कारण तोपर्यंत तो धर्मगुरू नव्हताच. या माणसाने आपला भाऊ तरासियस याच्यासाठी वाचलेल्या पुस्तकांची टिपणं लिहून ठेवली. सुमारे २८० टिपणांचा तो संग्रह ‘बिब्लिओथेका’ या नावाने आज उपलब्ध आहे. कुठे चार ओळी, कुठे पानंच्या पानं. पुस्तक कशाविषयी आहे, लेखकाची शैली कशी आहे, मत कुठे पटलं, कुठे नाही, हे सगळं त्यात येतं. इतिहास आहे, वैद्यक आहे, कादंबऱ्या आहेत, पण मोठा वाटा ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचा आहे.

यातलं एक टिपण फिलोस्टॉर्गियसच्या चर्चच्या इतिहासावर आहे. फिलोस्टॉर्गियस एरियसच्या बाजूचा, म्हणजे फोटियसच्या दृष्टीने पाखंडी. हा इतिहास नसून पाखंड्यांची स्तुती आणि सच्च्यांची निंदा आहे, असा फोटियस स्पष्ट निर्वाळा देतो. पण त्याच टिपणात तो लेखकाच्या भाषेतलं सौंदर्यही नोंदवतो आणि ती कुठे फुगते हेही सांगतो. पुढे त्याने या ग्रंथाचा तपशीलवार संक्षेपही केला. मूळ बारा खंड आज नाहीत. फिलोस्टॉर्गियस काय म्हणत होता हे आपल्याला मुख्यतः कळतं ते या विरोधकाने केलेल्या संक्षेपामुळे. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची पुस्तकं वाचणं आणि त्यांच्यावर लिहिणं हा माझाही छंद आहे, आणि या छंदाची प्रतिष्ठा कशात आहे असं विचारलं तर मी फोटियसच्या या कामाकडे बोट दाखवीन. जे आपल्याला मान्य नाही ते त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचं, आणि मग आपला निवाडा न लपवता द्यायचा.

मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो. पाळक नाही, सेमिनरीत शिकलेला नाही. असा वाचक बार्ट किंवा मोल्टमान यांच्या ग्रंथांवर काय म्हणून लिहितो, हा प्रश्न मला रास्त वाटतो. ग्रीक, हिब्रू, जर्मन यांवाचून काही निर्णय देताच येत नाहीत. पौलाच्या एखाद्या वाक्याचा लेखकाने लावलेला अर्थ व्याकरणात बसतो का, हे मी सांगू शकत नाही आणि सांगू पाहतही नाही. पण ईश्वरविज्ञानाच्या पुस्तकात व्याकरणाखेरीज बरंच काही असतं. देव सर्वशक्तिमान आहे असं तिसऱ्या प्रकरणात म्हटलेलं असतं आणि नवव्यात दुःखाचा विषय निघाला की तो शब्द हळूच बाजूला ठेवलेला असतो. एखाद्या ग्रंथात उताऱ्यांची रेलचेल असते, पण बायबलातल्या ईयोब किंवा उपदेशक या पुस्तकांकडे लेखक फिरकलेलाच नसतो. हे पाहायला सावध वाचन लागतं, पदवी लागत नाही. आणि पदवीचंच म्हणायचं, तर विसाव्या शतकाच्या ईश्वरविज्ञानाला कलाटणी देणारं रोमकरांस पत्रावरचं भाष्य कार्ल बार्टने लिहिलं तेव्हा तो झाफेनविल या स्विस गावाचा पाळक होता, आणि त्याच्याकडे डॉक्टरेट नव्हती.

दुसरा आक्षेप मी जास्त वेळा ऐकतो. श्रद्धेच्या पुस्तकाचं कसलं परीक्षण? ते पटेल तर घ्यावं, नाही तर बाजूला ठेवावं. हा आक्षेप आदराचा दिसतो, पण त्यात पुस्तकाचा अपमान आहे. ज्याने देवाविषयी सातशे पानांचा युक्तिवाद केला त्याला ‘छान, भावपूर्ण’ म्हणून निरोप देणं म्हणजे त्याने युक्तिवाद केलाच नाही असं मानणं.

मराठी माणसाने ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचं इतकं गंभीर परीक्षण पूर्वी केलेलं आहे की त्याची आठवण आपण जपली नाही याचं मला फार वाईट वाटतं. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ चक्क संस्कृतात लिहिला. खरा धर्म ओळखण्याच्या कसोट्या मांडायच्या आणि त्यांवर ख्रिस्ती धर्मच उतरतो हे दाखवायचं, अशी त्याची रचना होती. पंडितांनी त्याला संस्कृतातच उत्तरं दिली. त्यांतलं सर्वांत कसदार उत्तर काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोरे या तरुण चित्पावनाचं, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. लिहिलं तेव्हा त्याचं वय विशीच्या आसपास होतं. त्याने म्यूरला त्याच्याच कसोट्यांवर घेतलं. माणसाचं पाप मर्यादित, मग शिक्षा अनंत नरकाची कशी? पूर्वजन्म मानायचा नाही, तर जन्मतःच एकाच्या वाट्याला सुख आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुःख येतं, ते कोणत्या न्यायाने? आणि तर्काची जी कसोटी आमच्या शास्त्राला लावता तीच तुमच्याला का नको? युरोपात ज्यांवर शतकानुशतकं वाद झाले तेच हे प्रश्न, पण इथे ते बाहेरून, वेगळ्या परंपरेच्या पूर्ण तयारीनिशी आलेले आहेत.

पुढे गोरे ख्रिस्ती झाले. १८४८ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८६० मध्ये ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून त्यांनी उलट बाजूने हिंदू दर्शनांची चिकित्सा केली. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती विचारावरही त्यांचा प्रभाव पडला. या प्रवासाचा शेवट आधी सांगायचा आणि त्या पहिल्या ग्रंथाला ‘अज्ञानातला विरोध’ म्हणून सोडून द्यायचं, ही सोय ख्रिस्ती लोकांना आहे. धर्म सोडून गेलेला माणूस म्हणून दोन्ही ग्रंथ विसरण्याची सोय इतरांना आहे. मला दोन्ही मंजूर नाहीत. विचारणाऱ्याचं मन बदललं म्हणून प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ छापून यायला १९५१ उजाडलं. ते उज्जैनला छापलं गेलं. ईश्वरविज्ञानाचं कुठलंही नवं पुस्तक हाती आलं की, नीळकंठशास्त्र्यांनी याला काय विचारलं असतं, हे मी पाहतो. फार थोडी पुस्तकं त्यापुढे टिकतात, आणि टिकतात त्यांच्यावर मी आनंदाने लिहितो.

चांगल्या परीक्षणाने लेखकालाही काम लागतं. बार्टच्या त्या भाष्याची पूर्ण नव्याने लिहिलेली दुसरी आवृत्ती १९२२ मध्ये वाचकांपुढे आली. रुडॉल्फ बुल्टमानने तिच्यावर दीर्घ आणि बरंचसं अनुकूल परीक्षण लिहिलं, पण एक मुद्दा सोडला नाही: पौलाच्या लेखणीतही ख्रिस्ताखेरीज इतर आवाज बोलतात, आणि टीकाकाराने ते वेगळे केले पाहिजेत. बार्टने त्याच वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत उत्तर दिलं: पौलाच्या पत्रात सगळे माणसांचेच आवाज आहेत, त्यांतला अमुक एक ख्रिस्ताचा म्हणून वेगळा काढता येत नाही. पुढे दोघे फार लांब गेले. पण त्यांच्यात काय फरक आहे हे त्या दोन मजकुरांतून जितकं स्वच्छ कळतं तितकं नंतरच्या जाड ग्रंथांतून कळत नाही. ग्रंथांच्या प्रस्तावना, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीच्या, वगळू नयेत असं मी नव्या वाचकाला आवर्जून सांगतो.

अवघड होतं ते लेखकाच्या जखमेतून आलेल्या पुस्तकावर लिहिताना. युर्गेन मोल्टमान १९४३ च्या जुलैमध्ये हॅम्बुर्गवरच्या बॉम्बहल्ल्यात सापडला. वय सतरा, विमानविरोधी तोफेवर नेमणूक. शेजारी उभा असलेला मित्र मेला, तो वाचला. पुढे स्कॉटलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत हातात बायबल आलं आणि शोकाची स्तोत्रं, वधस्तंभावरचा येशूचा आक्रोश त्याला आपले वाटले. १९७२ चा त्याचा ‘क्रूसावर दिलेला देव’ हा ग्रंथ त्या छावणीपासून सुरू होतो असं म्हटलं तरी चालेल. त्याचं म्हणणं असं, की देव दुःखापासून अलिप्त नाही. पुत्र त्यागलेपण सोसतो आणि पिता पुत्राचा मृत्यू सोसतो. ही पानं मी अनेकदा वाचली आहेत. दुःखात असलेल्या माणसाच्या हाती देण्यासारखी फार थोडी ईश्वरविज्ञानाची पुस्तकं आहेत, त्यांत हे एक.

तरीही डोरोथे झ्योलेने लगेच पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, दुःखावरच्या आपल्या पुस्तकात त्याला अडवलं. पिता पुत्राला मृत्यूच्या हवाली करतो ही मांडणी देवालाच छळणाऱ्याच्या जागी नेऊन बसवते, आणि मग दुःख लादणाऱ्या सत्तांना विरोध करायचा तो कुठल्या तोंडाने, असं तिचं म्हणणं. झ्योलेला जर्मन विद्यापीठात कायमचं अध्यासन कधी मिळालं नाही. तिच्या लेखनात जी धार आहे ती काहीशी या बाहेर राहण्यातूनही आली असावी. पिताही सोसतो असं मोल्टमान म्हणतो, त्यामुळे तिने त्याला पूर्ण न्याय दिला असं मला वाटत नाही. पण सोसणाऱ्या पित्यानेच हवाली केलं असेल तर आक्षेप सौम्य होतो, मिटत नाही. या पुस्तकावर लिहिताना त्याच्या लेखकाविषयीचं प्रेम मला दोन्ही वेळा अडवतं: आक्षेप लिहिताना, आणि तो लिहिल्यावर मऊ करावासा वाटतो तेव्हा. मी तो मऊ करत नाही. ज्याने देवाला जाब विचारणारी स्तोत्रं उराशी धरली त्याच्या पुस्तकाला जाब विचारणं त्याच्या परंपरेतच बसतं.

मराठीत हे का व्हावं? आपल्याकडे ‘ज्ञानोदय’ १८४२ पासूनचा आहे, बायबलची भाषांतरं आहेत, ‘स्मृतिचित्रे’ सर्वांचं आवडतं आहे. पण रेव्हरंड टिळकांचंच पाहा. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे अनुयायी एकत्र यावेत अशी ती कल्पना. चर्च म्हणजे काय, त्याची सीमा कोण आखतो, याविषयीचा हा पूर्ण विचार आहे, आणि तो बरोबर आहे की चूक यावर कडाक्याचा वाद व्हायला हवा होता. आपण त्याला कवीची उदारता म्हणतो आणि कवितेकडे वळतो. ख्रिस्ती वाचकाला तो अडचणीचा, इतरांना तो आतला मामला. टिळकांशी कोणी भांडत नाही, म्हणजे त्यांचा विचार कोणी मनावर घेतलेला नाही.

सध्या मी गुस्तावो गुतिएरेझचं ईयोबावरचं पुस्तक वाचतो आहे. १९८६ चं, पेरूतल्या गरिबांमध्ये राहून लिहिलेलं. निरपराध माणूस दुःखात असताना देवाविषयी कोणत्या भाषेत बोलायचं, हा त्याचा प्रश्न. तो म्हणतो, ईयोब स्वतःच्या दुःखातून दुसऱ्या गरिबांच्या दुःखाकडे पाहायला शिकतो आणि तिथे त्याची भाषा बदलते. हे वाचन मला पटतं आणि परीक्षणात मी ते पूर्ण मांडणार आहे. पण ईयोबाची पहिली मुलं मेली ती मेलीच. शेवटी त्याला दुसरी मुलं झाली म्हणून त्यांचा हिशेब होत नाही. काशीतल्या त्या विशीतल्या शास्त्र्याने हाच हिशेब म्यूरकडे मागितला होता. गुतिएरेझ त्या मुलांपाशी किती वेळ थांबतो, हे पाहायला मी ती प्रकरणं पुन्हा वाचायला घेतली आहेत.