जुनी जीप व जतनाचा धर्म

जुन्या वस्तूचा लोभ हा गुण कीं दुबळेपणा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. परवां नाणे मावळांतील एका स्नेह्यांच्या अंगणांत त्यांची पन्नास वर्षांहून जुनी जीप पाहिली, तेव्हां तो आम्हांस नव्यानें पडला. गाडीचा घाट अमेरिकेचा, बांधणी महिंद्रांची. बॉनेट उंच, पुढची काच दुमडती, आणि गंजाचा कोठें ठिपकाही नाहीं.

या गाडीचें कूळ रणांगणावरचें. दुसऱ्या महायुद्धांत विलीज व फोर्ड या कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. युद्ध संपतांच जीप संसारांत आली. १९४६ सालीं विलीज कंपनीनें पोलादी अंगाची स्टेशन वॅगन काढली, आणि १९४९ पासून त्या कुटुंबाच्या गाडीसही चारही चाकांना गति देणारी रचना मिळूं लागली. आमच्या स्नेह्यांच्या घरीं तें काम या जीपनेंच केलें. भातखाचरांकडील वाटेवर मागचीं चाकें चिखलांत जागच्या जागीं फिरूं लागलीं, कीं लहान दांडा ओढून पुढचीं चाकें एंजिनास जोडावयाचीं, म्हणजे गाडी वर येते. हिच्यांतूनच त्यांच्या घरीं सून आली, आणि एका आषाढांत अडलेली लेक रातोरात तळेगांवच्या रुग्णालयांत सुखरूप पोहोंचली.

आतां लोणावळ्यास बंगला असलेल्या एका मुंबईकर गृहस्थांनीं हिला मोठी किंमत देऊं केली आहे. काचेच्या दालनांत ठेवूं, पावसाचा थेंब लागूं देणार नाहीं, असें त्यांचें वचन. मुलांस विक्री मान्य, वडिलांस नाहीं. आणि पंच म्हणून आम्ही!

मुलांचा पक्ष क्षुद्र नव्हे. जुनें एंजिन धूर अधिक सोडतें, अपघातांत अशी गाडी माणसास फारसें राखीत नाहीं, आणि त्या पैशांत नातवाचें शिक्षण होईल. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंद मिळते; पण अशी नोंद घेतलेली गाडी नित्याच्या कामास वा धंद्यास वापरतां येत नाहीं. म्हणजे मान आणि निवृत्ति एकदमच!

मग वडील जपतात तरी काय? टायर, क्लच, ब्रेक, पिस्टनसुद्धां बदलले गेले. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु राजा मिलिंदास हेंच विचारतो: आंस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? सुटा एकही भाग रथ नव्हे. सर्वांच्या जुळणीस आपण रथ म्हणतों. आमच्या मतें या जीपची जुळणी टिकली ती एका माणसाच्या रोजच्या लक्षामुळें. आपलें मन ओढलें जातें तें लोखंडाकडे नव्हे. कोणी तरी इतकीं वर्षें कंटाळला नाहीं, याकडे.

पण जतनाची रीत वस्तूच्या स्वभावावर ठरते. जवळच कार्ल्याच्या चैत्यांत लाकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत. खडकाच्या छताचा भार त्यांवर नाहीं. त्यांस हात न लावणें हेंच त्यांचें जतन. गाडीचें उलट. उभी राहिली कीं पेट्रोल शिळें होतें, बॅटरी उतरते, रबर आटून तडकतें. चालवणें हेंच तिचें औषध. काचेच्या दालनांत तिचें रूप राहील, पण गाडी राहणार नाहीं.

तथापि एकट्या वडिलांच्या जिवावर चाललेलें जतन त्यांच्याबरोबरच संपावयाचें, आणि त्यासाठीं नातवाची शाळा अडवणें हा धर्म नव्हे. म्हणून आम्हीं सांगितलें: मुलांपैकीं कोणी हात काळे करावयास तयार असेल, तर गाडी ठेवा, नसेल, तर विका, आणि मागें वळून पाहूं नका. वारसा हक्कानें मिळतो, पण टिकतो तो श्रमानेंच.

निवाडा अद्याप कोणीं मानलेला नाहीं. मात्र गेल्या रविवारीं धाकट्या मुलानें कार्बोरेटर उघडला, असें कळतें. परत जुळवावयास वडीलच लागले.